जंबो कोळंबीचा ‘पांढरी शेपूट’ रोग: तपासणी बीज सोडण्याआधीच करा

नेवासे तालुक्यात मुळा उजव्या कालव्याचे पाणी आणि शेततळी यांमुळे उसाबरोबर मत्स्यशेतीकडे वळणाऱ्यांची संख्या वाढते आहे. घोडेगाव परिसरातील शेतकरी कटला, रोहू यांच्या जोडीला गोड्या पाण्यातील जंबो कोळंबीची (मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी) चौकशी करतात. कोळंबीला माशापेक्षा दर चांगला मिळतो आणि ती तळाशी राहत असल्याने वरच्या थरातील माशांशी तिची फारशी स्पर्धा होत नाही. मात्र या पिकाचा सर्वांत मोठा धोका तळ्यात तयार होत नाही. तो बिजाच्या ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून शेतावर येतो. त्याचे नाव पांढरी शेपूट रोग, म्हणजे व्हाइट टेल डिसीज.

या रोगावर औषध नाही आणि शेतावर वापरता येईल अशी लसही नाही. बीज तळ्यात सोडल्यानंतर शेतकऱ्याच्या हातात फार थोडे उरते. म्हणून या लेखाचा भर उपचारावर नसून बीज मागवण्यापासून ते तळ्यात सोडण्यापर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांवर आहे.

रोग कशामुळे होतो?

या रोगामागे दोन विषाणू असतात. मुख्य विषाणू म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी नोडाव्हायरस (एमआरएनव्ही). त्याच्यासोबत एक्स्ट्रा स्मॉल व्हायरस (एक्सएसव्ही) नावाचा अतिशय लहान विषाणू आढळतो. त्याचा आकार सुमारे १५ नॅनोमीटर, तर एमआरएनव्हीचा सुमारे २७ नॅनोमीटर असतो. एक्सएसव्ही स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही, त्याला एमआरएनव्हीचा आधार लागतो. दोन्ही आरएनए प्रकारचे विषाणू आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे तपासणी अहवाल वाचताना तो उपयोगी पडणार आहे.

रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९९९ मध्ये वेस्ट इंडिजमधील फ्रेंच बेटांवरून प्रसिद्ध झाली. त्यानंतर चीन, भारत, तैवान, थायलंड आणि ऑस्ट्रेलियातही तो आढळला. भारतात आंध्र प्रदेशातील नेल्लोर आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील बीजनिर्मिती केंद्रांत पिल्ले मोठ्या प्रमाणावर मरू लागली. २००४ मध्ये आरटी-पीसीआर तपासणीने त्यामागे हेच विषाणू असल्याचे दाखवले गेले. या रोगावर देशात सर्वाधिक काम तमिळनाडूतील मेलविशारम येथील सी. अब्दुल हकीम कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाले. जागतिक पशुआरोग्य संघटनेने या रोगासाठी तिला संदर्भ प्रयोगशाळेचा दर्जा दिला. संघटनेच्या नोंदणीयोग्य जलचर रोगांच्या यादीत पांढरी शेपूट रोगाचा समावेश आहे.

२००५ च्या सुमारास भारतात या कोळंबीचे उत्पादन ४० हजार टनांच्या पुढे गेले होते. पुढील काही वर्षांत ते झपाट्याने घसरले. रोग, एकाच रक्तातील प्रजननामुळे खुंटलेली वाढ आणि २००९ नंतर आलेली व्हेनामी कोळंबी ही त्याची प्रमुख कारणे. ‘या पिकात पैसा आहे तर आंध्रवाल्यांनी ते कमी का केले?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी बिजाच्या आरोग्यात आणि गुणवत्तेत आहे.

घोडेगावच्या तळ्यापर्यंत रोग कसा पोहोचतो?

जंबो कोळंबी वाढते गोड्या पाण्यात, पण तिची अळी गोड्या पाण्यात जगत नाही. मादीच्या पोटाखालची अंडी साधारण तीन आठवड्यांत उबतात. त्यातून निघालेल्या अळीला सुमारे १२ पीपीटी क्षारतेचे मचूळ पाणी लागते. अकरा अवस्था पार करून तिची पोस्ट लार्व्हा, म्हणजे पीएल, होण्यास साधारण २५ ते ३५ दिवस जातात. त्यानंतरच पिल्लाला हळूहळू गोड्या पाण्याची सवय लावता येते.

याचा अर्थ असा की आपल्या तळ्यात या कोळंबीची पैदास होणार नाही. घोडेगावातील प्रत्येक बीज बहुतेक वेळा शेकडो किलोमीटर दूरच्या किनारपट्टीवरील केंद्रातून येते. दर हंगामात नवे बीज घ्यावे लागते आणि दर हंगामात तोच धोका नव्याने दारात येतो.

केंद्रात रोग शिरण्याचे मुख्य मार्ग असे आहेत:

- मादीकडून पिल्लाकडे. मोठ्या कोळंबीत विषाणू असला तरी ती सहसा आजारी पडत नाही. ती खाते, वाढते, अंडी धरते आणि रोग पुढच्या पिढीला देते. डोळ्यांना निरोगी दिसणारी अंड्यावरची मादी म्हणून सुरक्षित मानता येत नाही.
- पाण्यातून आणि एकमेकांना खाल्ल्याने. कोळंबी मेलेल्या आणि कात टाकून मऊ झालेल्या सोबतिणीला खाते. एका टाकीत रोग शिरला की तो याच मार्गाने वेगाने पसरतो.
- जिवंत खाद्यातून. अळ्यांना दिला जाणारा आर्टेमिया स्वतः आजारी न पडता विषाणू वाहून नेऊ शकतो.
- किडे आणि उपकरणांतून. पाणढेकूण, पाणभुंगे, चतुराच्या पाण्यातील अळ्या यांच्यातही विषाणू सापडला आहे. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिरणारी जाळी आणि बादल्या हेही तेच काम करतात.

लक्षणे कशी ओळखावीत?

रोगाचा फटका अळी, पीएल आणि अगदी लहान पिल्ले यांनाच बसतो. लक्षणे साधारण या क्रमाने दिसतात:

- पिल्ले मंदावतात, तळाशी किंवा कडेला पडून राहतात, खाद्य सोडतात.
- शेपटीकडच्या भागातील स्नायू दुधाळ, अपारदर्शक दिसू लागतो. निरोगी पीएल काचेसारखे पारदर्शक असते, त्यामुळे हा फरक पांढऱ्या बशीत सहज कळतो.
- पांढरेपणा पोटाच्या एखाद्या खंडापासून सुरू होऊन पुढे-मागे पसरतो आणि अखेरीस डोके सोडून बहुतेक सर्व शरीर पांढरे होते.
- तीव्र रोगात शेपटीचे टोक आणि तिच्या बाजूच्या पाकळ्या झिजतात.
- पाण्यावर तरंगणारी कात नेहमीसारखी न दिसता अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखी चमकते. अनुभवी तंत्रज्ञ टाकीत शिरताच आधी हेच पाहतात.

पहिले पांढरे पिल्लू दिसल्यापासून साधारण पाच दिवसांत मर टोकाला पोहोचते. ती ९५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अशा उद्रेकात पंधरा दिवसांच्या पुढे फार थोडी पिल्ले टिकतात. जी टिकतात ती पुढे नेहमीसारखी वाढून विक्रीच्या आकाराची होऊ शकतात, पण त्यांच्या अंगात विषाणू राहण्याची शक्यता असते.

प्रत्येक पांढरे पिल्लू रोगी नसते

लांबच्या प्रवासात तापमान चढते, ऑक्सिजन कमी पडतो, पिशव्यांत गर्दी होते. या ताणानेही स्नायू पांढरा पडतो. त्यामुळे पिशवी उघडताच पांढरी पिल्ले दिसली म्हणून घाबरू नये आणि ‘प्रवासाचा ताण आहे, उद्या ठीक होईल’ या विक्रेत्याच्या शब्दावरही थांबू नये. फरक पुढीलप्रमाणे ओळखता येतो:

- ताणामुळे आलेला पांढरेपणा: पिशवी उघडण्याच्या वेळीच दिसतो. चांगले पाणी व हवा मिळाल्यावर सौम्य बाधित पिल्ले एक-दोन दिवसांत पुन्हा पारदर्शक होतात. मर पहिल्या दिवशी जास्त असते, मग कमी होत जाते.
- पांढरी शेपूट रोग: पांढऱ्या पिल्लांची संख्या रोज वाढते. पांढरे झालेले पिल्लू पुन्हा पारदर्शक होत नाही. मर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चढत जाते.

म्हणून एका दिवसाचे चित्र पाहून निर्णय घेऊ नये. रोज ठरलेल्या वेळी मेलेली आणि पांढरी पिल्ले मोजून वहीत लिहावीत. आकडा उतरतो आहे की चढतो आहे, हेच रोगाचे पहिले निदान. खात्री मात्र आरटी-पीसीआर तपासणीनेच होते.

नुकसान काढणीच्या दिवशी का कळते?

मासा मेला की तरंगतो, दिसतो. पीएल जेमतेम सेंटिमीटरभर असते. हिरवट पाण्याच्या तळाशी ते मेले तर दिसत नाही, आणि उरलेली पिल्ले ते खाऊन टाकतात. तळे शांत दिसते.

एक हिशेब पाहू. २० गुंठ्यांचे तळे म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. दर चौरस मीटरला तीन याप्रमाणे ६,००० पीएल सोडले. बीज रोगी होते आणि आठवड्याभरात ९५ टक्के मेले, तर तळ्यात ३०० कोळंब्या उरतात. शेतकरी मात्र ६,००० धरून खाद्य टाकत राहतो. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, अमोनिया वाढतो, पाणी बिघडते आणि सोबतच्या कटला-रोहूलाही त्रास होतो. चार-पाच महिन्यांनी जाळे ओढल्यावर हाती दहा-पंधरा किलो माल येतो. मग दोष खाद्याला, पाण्याला किंवा चोरीला दिला जातो. खरा घाव पहिल्याच आठवड्यात बसलेला असतो.

बीज कमी किमतीचे आणि खाद्य महाग असल्याने या रोगात बिजापेक्षा खाद्य, मजुरी आणि वाया गेलेला हंगाम यांचाच तोटा मोठा असतो. पहिल्या पंधरा दिवसांत किती पिल्ले जगली हे कळले, तर हा तोटा टाळता येतो.

बीज मागवताना

घोडेगावच्या बाजारात म्हैस घेताना आपण दात पाहतो, कास पाहतो, चालवून पाहतो, जमल्यास धार काढून पाहतो. कोळंबीचे बीज मात्र फोनवर ठरते आणि रात्री गाडीतून उतरते. इथेही म्हशीइतकीच पारख हवी.

१. केंद्राचे नाव लेखी घ्यावे. मध्यस्थाकडून घेत असाल तरी बिलावर मूळ केंद्राचे नाव, बॅच क्रमांक, पीएलचे वय आणि संख्या असावी.

२. तपासणी अहवाल कोणत्या विषाणूचा आहे ते पाहावे. ‘पीसीआर केले आहे’ एवढे पुरेसे नाही. सागरी कोळंबीच्या पांढरे ठिपके रोगाचा (डब्ल्यूएसएसव्ही) अहवालही पीसीआरचाच असतो. तो विषाणू डीएनए प्रकारचा आहे, त्याची तपासणी वेगळी. जंबो कोळंबीसाठी अहवालावर एमआरएनव्ही आणि एक्सएसव्ही ही नावे आणि आरटी-पीसीआर ही पद्धत स्पष्ट लिहिलेली हवी. डब्ल्यूएसएसव्हीचा अहवाल सोबत असेल तर चांगलेच, कारण जंबो कोळंबी तो विषाणूही बाळगू शकते.

३. अहवाल त्याच बॅचचा आणि अलीकडचा असावा. मागच्या महिन्यातील दुसऱ्या टाकीचा अहवाल या बिजाला लागू होत नाही.

४. नमुना किती पिल्लांचा होता ते विचारावे. मोठ्या टाकीत १०० पैकी दोन पिल्ले बाधित असतील, तर ती ९५ टक्के खात्रीने सापडण्यासाठी साधारण १५० पिल्लांचा नमुना लागतो. दहा-वीस पिल्ले तपासून मिळालेला ‘निगेटिव्ह’ फारसे काही सांगत नाही.

५. माद्यांची तपासणी होते का ते विचारावे. विषाणू पोटाखालच्या पोहण्याच्या पायांतही सापडतो. मादीला न मारता एक पाय कापून तपासणी करता येते. जे केंद्र हे करते त्याचे बीज दोन पैसे महाग असले तरी घ्यावे.

६. लहान टोळ्या करून बीज घ्यावे. एकट्या शेतकऱ्याला स्वतंत्र तपासणी महाग वाटते. गावातील चार-पाच जणांनी एकाच बॅचचे बीज एकत्र मागवले तर एकच तपासणी सर्वांच्या कामी येते. विस्तार कार्यकर्त्यांनी गटाला हीच गोष्ट आधी पटवून द्यावी.

भुवनेश्वर येथील केंद्रीय गोडे पाणी मत्स्यपालन संस्थेने (सीफा) निवड पद्धतीने सुधारित केलेले ‘सीफा-जीआय स्कॅम्पी’ हे वाण जलद वाढीसाठी विकसित केले आहे. असे बीज मिळाले तर वाढीचा प्रश्न बराच सुटतो. पण सुधारित वाण म्हणजे रोगमुक्त बीज नव्हे. त्याचीही तपासणी करावीच.

पंधरा दिवसांचे विलगीकरण: सर्वांत स्वस्त विमा

निगेटिव्ह अहवालानंतरही थोडा धोका राहतो. त्यासाठी बीज थेट तळ्यात न सोडता पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवावे. बहुतेक उद्रेक याच काळात उघडे पडतात. तळ्यातच हापा बांधून पिल्ले ठेवली तर ती मोजता येतात, पण विषाणू हाप्याच्या जाळीतून सहज बाहेर जातो. म्हणून विलगीकरण सिमेंटच्या किंवा ताडपत्रीच्या स्वतंत्र टाकीतच करावे.

- टाकी: दर चौरस मीटर तळाला सुमारे ५०० पीएल धरावेत. ६,००० पिल्लांसाठी १२ चौरस मीटर तळाची, पाऊण ते एक मीटर खोलीची टाकी पुरते. हवेसाठी छोटा ब्लोअर आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा पंप असावा.
- आडोसा: जुन्या जाळ्याच्या पट्ट्या, नारळाच्या झावळ्या किंवा पाइपचे तुकडे टाकावेत. पिल्ले एकमेकांना खाण्याचे प्रमाण कमी होते.
- पाणी: तापमान २६ ते ३१ अंश, सामू ७ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन प्रतिलिटर ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ठेवावा. परिसरातील विहीर-बोअरचे पाणी बरेचदा जड असते. जडपणा प्रतिलिटर ३०० मिलिग्रॅमच्या वर असल्यास वाढ खुंटते आणि अंगावर थर चढतो. अशा वेळी पावसाचे किंवा कालव्याचे पाणी मिसळावे. मे-जूनच्या उन्हात टाकीवर शेडनेट आवश्यक आहे, कारण ३५ अंशांवर पिल्ले मरतात.
- सवय लावणे: पिशव्या न उघडता टाकीच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवाव्यात. मग थोडे थोडे टाकीचे पाणी आत घालत पिल्ले बाहेर येऊ द्यावीत. पिशवीतील पाणी शक्यतो टाकीत ओतू नये.
- मोजणी: १०० पिल्ले मोजून छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात त्याच टाकीत ठेवावीत. रोज सकाळी ती मोजावीत. संपूर्ण टाकीचा अंदाज या शंभरावरून येतो.
- स्वच्छता: टाकीची जाळी, बादली, मग वेगळे ठेवावेत. टाकीत काम केल्यावर हात-पाय धुऊनच तळ्याकडे जावे. टाकीवर बारीक जाळी बांधून पाणकिड्यांना आत येऊ देऊ नये.

हे दिवस फुकट जात नाहीत. आपल्याकडे शेततळे बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये भरते आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीची थंडी वाढते. पाणी थंड झाले की कोळंबीची वाढ मंदावते आणि १४ अंशांखाली ती मरते. त्यामुळे वाढीचे महिने मोजकेच मिळतात. तळे भरण्याची वाट पाहताना बीज टाकीत वाढवले, तर तळ्यात मोठे पिल्लू जाते, जगण्याचे प्रमाण वाढते आणि थंडीआधी काढणी साधता येते.

टाकीत रोग दिसला तर

१. बीज तळ्यात सोडू नये. ‘निम्मे तरी वाचेल’ या आशेने सोडलेले बीज तळ्यालाही बाधित करते.

२. टाकीचे पाणी ओढ्यात, चारीत किंवा कालव्यात सोडू नये.

३. जिवंत पण बाधित पिल्ले नमुन्यासाठी वेगळी काढावीत. मेलेली, कुजलेली पिल्ले तपासणीला उपयोगी नसतात. आरएनए लवकर नष्ट होतो, म्हणून नमुना बर्फात किंवा प्रयोगशाळा सांगेल त्या द्रावणात लगेच ठेवावा.

४. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाला कळवावे. दहिगाव-ने आणि बाभळेश्वर येथील कृषी विज्ञान केंद्रांकडून योग्य प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्यासाठी मार्गदर्शन घेता येईल. मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल अॅपवरूनही छायाचित्रासह रोगाची माहिती देता येते. देशात २०१३ पासून जलचर रोगांचा राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम सुरू आहे. कळवलेली प्रत्येक घटना त्यात जमा होते आणि पुढच्या शेतकऱ्याला सावध करते.

५. नमुना दिल्यानंतर टाकीत ब्लीचिंग पावडर टाकून पाणी निर्जंतुक करावे. सर्वसाधारण मात्रा दर हजार लिटरला ६० ग्रॅम. किमान आठवडाभर पाणी तसेच उन्हात ठेवावे. क्लोरीन उडून गेल्याची खात्री झाल्यावर ते पाणी बांधावर किंवा पडीक जागेत जिरवावे. मेलेली पिल्ले चुन्यासह खोल पुरावीत.

६. विक्रेत्याला रोजच्या मोजणीची वही, छायाचित्रे आणि अहवाल दाखवून भरपाई किंवा बदली बीज मागावे. बिलावर बॅच क्रमांक असेल तरच हे बोलणे टिकते.

तळ्यात सोडल्यानंतर शंका आली तर

- तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फेकजाळे चार-पाच ठिकाणी टाकून पाहावे. खाद्याचे ट्रे तपासावेत. दोन तासांनंतरही ट्रेमध्ये खाद्य उरत असेल तर ते ताबडतोब कमी करावे.
- विषाणूवर प्रतिजैविके काम करत नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधे मत्स्यशेतीत बंदी असलेली आहेत. ‘विषाणूनाशक’ म्हणून बाटली विकणाऱ्याला त्या औषधाने हा रोग बरा झाल्याचा पुरावा मागावा.
- कोळंबी फारच कमी उरली असेल तर ते पीक कटला-रोहूचे समजून व्यवस्थापन बदलावे. या माशांना हा रोग होत नाही.
- वाचलेली कोळंबी खाण्यासाठी विकता येते. हा विषाणू माणसाला बाधत नाही. ‘रोगाची कोळंबी खाऊ नका’ अशी अफवा पसरल्यास विस्तार कार्यकर्त्यांनी ती लगेच खोडावी.
- वाचलेल्या अंड्यावरच्या माद्या मात्र बीजनिर्मितीसाठी कोणालाही देऊ नयेत. रोगातून वाचलेली मादी पुन्हा केंद्रात गेली की चक्र नव्याने सुरू होते.

काढणीनंतर तळे पूर्ण रिकामे करावे. मातीचे तळे भेगा पडेपर्यंत वाळवावे, डबकी शिल्लक ठेवू नयेत. नेवाशातील काळ्या जमिनी बहुतेक विम्लधर्मी आहेत, त्यामुळे माती परीक्षणाशिवाय सवयीने चुना ओतू नये. प्लास्टिक अस्तराचे तळे घासून, धुऊन, कडक उन्हात वाळवावे. नवीन पाणी घेताना पाइपच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधावी. कालव्याच्या पाण्यातून येणारी जंगली कोळंबी आणि खेकडे बाहेर राहतात.

पाणी कुठे सोडता ते महत्त्वाचे

घोडेगावच्या ओढ्या-नाल्यांत सोडलेले पाणी तालुक्याबाहेर नाहीसे होत नाही. ते पुढे गोदावरीच्या खोऱ्यात आणि जायकवाडीच्या नाथसागराकडे जाते. गोदावरीत जंबो कोळंबीच्या जवळच्या नात्यातील देशी कोळंबी (मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी) आहे. धरणाच्या फुगवट्यावर अनेक मच्छीमार कुटुंबांची चूल अवलंबून आहे. आपल्या टाकीतील रोग तिथपर्यंत जाऊ न देणे ही आपलीच जबाबदारी. शेततळ्याचे पाणी क्लोरीन उडाल्यावर उसाला, कांद्याला देता येते. हा विषाणू पिकांना काही करत नाही. पाणी शेतात जिरले की रोग ओढ्यापर्यंत जात नाही आणि पाणीही वाया जात नाही.

इतर विषाणूंवर नजर

चीनमध्ये गेल्या काही वर्षांत जंबो कोळंबीत दोन नवे विषाणू नोंदले गेले. डेकापॉड इरिडेसंट व्हायरस १ (डीआयव्ही १) मध्ये डोक्याच्या कवचाखाली पांढरा भाग दिसतो आणि मोठी कोळंबीही मरते. दुसऱ्या विषाणूमुळे कोळंबी लहान वयातच प्रौढ होते आणि वाढ थांबते. मर फार नसते, पण माल विक्रीच्या आकाराचा होत नाही. मोठ्या कोळंबीत अचानक मर झाली किंवा सगळीच कोळंबी खुजी राहिली, तर ‘बीज खराब होते’ एवढ्यावर न थांबता नमुना तपासणीला पाठवावा.

लक्षात ठेवावे असे

- अहवालावर एमआरएनव्ही, एक्सएसव्ही आणि आरटी-पीसीआर हे शब्द नसतील तर तो अहवाल या रोगाचा नाही.
- निगेटिव्ह अहवाल मिळाला तरी पंधरा दिवस वेगळी टाकी.
- शंभर पिल्लांचा पिंजरा, रोजची मोजणी, रोजची वही.
- रोगी बीज तळ्यात नाही, टाकीचे पाणी ओढ्यात नाही.
- खाद्य सोडलेल्या बिजाच्या आकड्यावर नव्हे, जगलेल्या कोळंबीच्या आकड्यावर द्यावे.

ज्यांना या हंगामात पहिल्यांदाच जंबो कोळंबी घ्यायची आहे, त्यांनी सुरुवात लहान ठेवावी. कटला आणि रोहूच्या जोडीला, एकाच तळ्यात, तपासलेल्या एकाच बॅचच्या बिजाने. आधी टाकी, मोजणीचा पिंजरा आणि ब्लोअरची सोय करावी. बिजाची ऑर्डर त्यानंतरच द्यावी.